दुसऱ्या कुलपाची किल्ली कुणाकडे?

आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. कुंभारीच्या घरकुलातल्या विडी कामगार बाईला तेवढ्या वेळात बरंच काही उरकायचं असतं. ती बसलेली असते ऑनलाइनच्या दुकानात, पीएफच्या नाहीतर लाडक्या बहिणीच्या कामासाठी. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि नवरा सोलापुरात यंत्रमागावर. मागांच्या खडखडाटात पहिला फोन ऐकूच जात नाही. दुसरा उचलला जातो, पण मेसेज कुठे बघायचा इथपासून सुरुवात असते. मग तो बाहेर येऊन तेलुगूत एकेक आकडा सांगतो, ही तो मोठ्यानं म्हणते, दुकानातला पोरगा टाइप करतो. "अक्का, शेवटचे दोन परत सांगा." अक्का परत सांगते, आणखी मोठ्यानं. बाकावर नंबर लावून बसलेल्या चौघींनाही एव्हाना तो ओटीपी पाठ झालेला असतो. हा आकडा कुणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजात लिहिलेलं असतं. बहुधा इंग्रजीत.

पासवर्ड ही आपल्याला माहीत असलेली गोष्ट, फोन ही आपल्या हातात असलेली गोष्ट. दोन्ही एका वेळी जमल्याशिवाय खातं उघडायचं नाही, एवढाच या जादा सुरक्षेचा अर्थ. एका कुलपावर दुसरं कुलूप. पहिल्याची किल्ली चोरीला गेली तरी चोर दुसऱ्यापाशी अडावा. जगभरातले संगणकतज्ज्ञ गेली पंधरा वर्षं एकच प्रश्न घेऊन बसलेत, की हे दुसरं कुलूप लोक आपणहून का लावतात आणि बहुतेक लोक का लावत नाहीत. या प्रश्नाचं उत्तर शोधायला कॅलिफोर्नियापेक्षा कुंभारी बरी, असं माझं मत आहे. इथे कुणीही ते कुलूप आपणहून लावलेलं नाही, आणि तरी त्याच्यावाचून इथलं एकही पान हलत नाही.

कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यातली, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरची. बाहेरच्या माणसाला ती दोन वसाहतींमुळे माहीत असते. पहिली कॉम्रेड गोदूताई परुळेकर विडी घरकुल. वारली उठावाच्या नेत्या गोदूताई यांच्या नावानं विडी वळणाऱ्या बायकांसाठी दहा हजार घरं उभी राहिली आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. दुसरी रे नगर. यंत्रमागवाले, फेरीवाले, कचरावेचक, विडी कामगार अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठी तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. दोन्हींमागे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर, आणि त्यांच्या लाल बावट्याचा वर्षानुवर्षांचा लढा. दोन टोकांच्या पक्षांचे दोन पंतप्रधान एका कम्युनिस्टाच्या वसाहतीत घरं द्यायला आले, हे भाग्य फार गावांच्या वाट्याला आलेलं नाही.

या घरांत दुपारी गेलात तर मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं आणि कात्री असं चित्र दिसतं. मजुरी हजार विड्यांवर. आणि या घरी बसून केलेल्या कामाला पीएफ आहे. तो सहजासहजी मिळालेला नाही. घरी विडी वळणारी बाई आमची कामगारच नव्हे, असं कारखानदारांचं म्हणणं होतं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं आणि घरखेप काम करणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. म्हणजे या बाईच्या पीएफ खात्यात जे दहा-वीस-पन्नास हजार असतील, ते तिच्या बोटांनी कमावलेले आणि कोर्टात भांडून टिकवलेले पैसे आहेत. २०१४ मध्ये यूएएन क्रमांक आला, हळूहळू सगळं ऑनलाइन झालं, आणि आज ते पैसे काढायचे तर अर्जाच्या शेवटी आधारचा ओटीपी लागतो.

ओटीपी लोकांनी मागितला नव्हता. तो आला रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकानं. १८ फेब्रुवारी २००९ रोजी बँकेनं फर्मावलं की कार्ड समोर न दाखवता इंटरनेटवर व्यवहार होत असेल, तर १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडची आणखी एक खूण विचारलीच पाहिजे. तेव्हा अमेरिकेत कार्डावरचे आकडे भरले की खरेदी होत असे. युरोपात अशी सक्ती यायला २०१९ चा सप्टेंबर उजाडला. आपल्या बँकांनी आणि दुकानदारांनी कुरकुर केली, गिऱ्हाईक अर्ध्यातून सोडून जाईल म्हणाले. गिऱ्हाईक गेलं नाही. पुढे २०१६ मध्ये यूपीआय आलं ते जन्मतःच दोन कुलपं घेऊन: एक नंबर त्या फोनशी बांधलेला, दुसरा पिन. पानटपरीवर दहा रुपये देणारा माणूसही आज रोज दोन पायऱ्या चढतो आणि त्याला ते जाणवतही नाही.

सक्तीचं कौतुक करायला माझी हरकत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं आपल्या लोकांना दुहेरी लॉगिन लागू केलं तेव्हाचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कटकट वाटते, पण वाटलं होतं तेवढं अवघड नाही, असा त्याचा सूर होता. सक्ती नसली की काय होतं तेही पाहा. गुगलनं ही सोय २०११ मध्ये सगळ्यांना फुकट दिली. सात वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, त्यांच्याच एका अभियंत्यानं सांगितलं की चालू खात्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी खात्यांवर ती लावलेली आहे. ट्विटरवर २०२० च्या उत्तरार्धात हे प्रमाण होतं २.३ टक्के. अखेर गुगलनं २०२१ मध्ये पंधरा कोटी खात्यांवर ती परस्परच चालू करून टाकली, आणि त्या खात्यांमधल्या घुसखोऱ्या निम्म्यावर आल्याचं पुढच्या फेब्रुवारीत जाहीर केलं.

मग जे दोन-पाच टक्के लोक आपणहून लावतात, ते का लावतात?

भीतीनं, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. वर्तमानपत्रात रोज फसवणुकीच्या बातम्या येतात. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता, असं केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं. आकडा वाचून कुणी उठून सेटिंग्ज उघडत नाही. शेजारणीच्या खात्यातले अठरा हजार गेले की मात्र त्याच संध्याकाळी गल्लीत हालचाल होते. नुकसान ओळखीच्या माणसाचं व्हावं लागतं. त्यातही पैशाहून मोठं कारण अब्रूचं असतं. व्हॉट्सअॅप ताब्यात घेण्याची चाल आता जुनी झाली, तरी अजून चालते: ओळखीच्या नंबरवरून मेसेज येतो, चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड आलाय, जरा पाठव. पाठवला की आपलं व्हॉट्सअॅप गेलं, आणि तासाभरात आपल्या नावानं सासरच्या मंडळींकडे पैसे मागितले जातात. दवाखान्यात आहे, वीस हजार टाक, संध्याकाळी देतो. वीस हजार कुणी टाकले नाहीत तरी पुढचा महिनाभर प्रत्येक नातेवाइकाला खुलासा देत बसावं लागतं. असा खुलासा एकदा दिलेला माणूस दुसरं कुलूप लावतो, आणि भेटेल त्याला लावायला सांगतो. कॉलेजातल्या मुली इन्स्टाग्रामला ते लावतात त्याचं कारणही बहुतेकदा पैसा नसतो. ज्याला एकेकाळी विश्वासानं पासवर्ड सांगितला होता, त्याच्यावरचा विश्वास उडालेला असतो.

काहींना नोकरी लावायला भाग पाडते. काहींना लालूच. २०१८ मध्ये फोर्टनाइट या व्हिडिओ गेमच्या कंपनीनं जाहीर केलं की दुहेरी लॉगिन चालू करणाऱ्याच्या खेळाडूला एक नवा नाच फुकट मिळेल. पोरांनी सेटिंग्ज शोधून काढल्या. बँकांनी जाहिरातींवर केलेला खर्च आठवला की त्या नाचाचा हेवा वाटतो.

आणखी एक जमात आहे, जिच्याकडे दुसऱ्यांच्या किल्ल्या असतात. कुंभारीसारख्या ठिकाणी हिचं महत्त्व फार. ऑनलाइन दुकानवाला, युनियनच्या ऑफिसात अर्ज भरून देणारा कार्यकर्ता, बचत गटाची सचिव, अंगणवाडी ताई. यांच्या फोनमध्ये वहीभर पासवर्ड असतात, आधारचे फोटो असतात, बँकेच्या पासबुकाची पहिली पानं असतात. यांचा एक फोन गेला तर शंभर घरं उघडी पडतात. बायका ज्यांचं ऐकतात ते हेच लोक. बँकेचा मेसेज कुणी वाचत नाही, सचिवबाई म्हणाली की ऐकतात. जादा सुरक्षा पसरवायची असेल तर सरकारनं टीव्हीवरच्या जाहिरातीऐवजी या माणसांवर खर्च करावा, आणि आधी त्यांच्याच फोनला कुलूप लावून द्यावं.

न लावणाऱ्यांना मूर्ख ठरवण्याची पद्धत आहे. कॉर्मॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकानं २००९ मध्ये उलटा हिशेब मांडला. लोक सुरक्षेचे सल्ले धुडकावतात ते आळसापोटी नव्हे. रोजचा खर्ची पडणारा वेळ आणि कधीतरी होऊ शकणारं नुकसान यांचा त्यांचा हिशेब पुष्कळदा बरोबर असतो. कुंभारीत हा हिशेब आणखी कडक आहे. इथे चोराइतकीच भीती स्वतः बाहेर अडकण्याची आहे. फोन पाण्यात पडतो. रिचार्जला पैसे नसले की सिम बंद पडतं. बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनी दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, आणि मग तुमच्या पीएफचा, गॅसचा, बँकेचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. व्हॉट्सअॅपचा पिन विसरला आणि ईमेल दिलेला नसला की सात दिवस थांबावं लागतं. ज्या बाईचा हजारावरचा हिशेब व्हॉट्सअॅपवर येतो तिला सात दिवस म्हणजे एक पगार.

ओटीपीत दोष नाही असंही नाही. गुगलनं २०१९ मध्ये आपले आकडे दिले होते. मेसेजवर येणारा कोड यंत्रानं केलेले सगळे हल्ले अडवतो, सरसकट फसवणुकीतले ९६ टक्के अडवतो, पण एखाद्याला हेरून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्केच. फोनवर 'हो की नाही' विचारणारी सूचना यात ९० टक्क्यांपर्यंत जाते. उरलेल्या भोकातून आपल्याकडे काय काय घुसतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल, नाहीतर वाहतूक दंडाच्या पावतीच्या नावाखाली आलेली. ती उघडली की फोनमधले मेसेज परस्पर चोराला दिसतात आणि ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही. दुसरा मार्ग सिम बदलून घेण्याचा. म्हणून १ जुलै २०२४ पासून नियम आला की सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येणार नाही. रिझर्व्ह बँकेनंही २५ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत ओटीपीशिवायच्या इतर खुणांना वाट करून दिली. दोन खुणा हव्यातच, त्यातली एक त्या व्यवहारापुरती नवी हवी, आणि हे १ एप्रिल २०२६ पासून.

या इतर खुणांमध्ये बोटाचा ठसा आला की माझ्या पोटात गोळा येतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, तेव्हा ठसा ही गरिबाची पक्की ओळख ठरेल असं सांगितलं होतं. तेंदूची पानं वळून वळून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या, त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. बरं, ज्यांचा घेतं त्यांचीही दुसरी गोची. खरेदीखतांवरचे अंगठे उचलून सिलिकॉनचे ठसे बनवायचे आणि आधारवर चालणाऱ्या यंत्रातून पैसे काढायचे, असे गुन्हे देशात घडलेत. पासवर्ड बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार? आधारवरचा ठसा कुलूपबंद करण्याची सोय यूआयडीएआयनं दिली आहे. ती वापरायला ओटीपी लागतो.

आणि चोर घराच्या दारातून यायलाच हवा असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेलाच फसवलं, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले, तेरा कोटींहून अधिक रक्कम हाँगकाँगच्या एका बँकेत वळवली. पुण्याच्या न्यायालयानं २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा ठोठावली. या सगळ्या प्रकरणात कुणा खातेदारानं ओटीपी सांगितला नव्हता. दुसऱ्या कुलपाचा गुणगौरव करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही ते. ओटीपी हे कुलूप आहे तसा तो साक्षीदारही आहे, आणि साक्ष तुमच्याविरुद्ध देतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बाहेरच्या कुणीतरी घुसखोरी केली, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला तोशीस नाही. पण ग्राहकानं स्वतः गोपनीय आकडा कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आता पुन्हा त्या दुकानातल्या बाकावर नजर टाका. जिथे आकडा मोठ्यानं सांगितल्याशिवाय सरकारी कामच होत नाही, तिथे आकडा सांगितला म्हणून बाईला निष्काळजी ठरवायचं, हा न्याय मला पटत नाही. आपणच तिला रोज आकडे सांगायची सवय लावली आहे. मग एखाद्या दुपारी कुणीतरी साहेबाच्या आवाजात फोन करून आकडा मागतो, तेव्हा ती देते. त्यात तिचं काय चुकलं?

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीनं हे आणखी उघडं केलं. दरमहा दीड हजारांच्या या योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. ओटीपी येत नाही ही ओरड राज्यभर झाली, मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरवर गेली. नवरा सोडून गेलेल्या बाईनं कुणाचा ओटीपी आणायचा, विधवेनं काय करायचं, हे प्रश्न नंतर सुचले. त्याच गडबडीत बनावट वेबसाइटही निघाल्या. ओटीपीची घाई जिथे जास्त तिथे चोराची चांदी.

एका गोष्टीचं मला नवल वाटतं. पंतप्रधान आवास योजनेत घर कुटुंबातल्या बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, असा नियम आहे. तो करताना कुणीतरी शहाण्यानं ओळखलं होतं की कागदावर बाईचं नाव नसेल तर तिला घराबाहेर काढणं सोपं असतं. पीएफ तिचा, दीड हजार तिचे, घर तिचं, हे सगळं कागदोपत्री झालं. त्या कागदांना जोडलेला दहा आकडी नंबर मात्र नवऱ्याचा, मुलाचा, नाहीतर लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुलीचा. तज्ज्ञ विचारतात, लोक दुसरं कुलूप का लावत नाहीत. ज्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे ते कुलूप आपलं वाटत नाही आणि त्याची राखणही कुणी करत नाही, हे माझं उत्तर आहे. ज्या घरात बाईकडे स्वतःचा फोन आणि स्वतःचं सिम येतं, तिथे ओटीपी मोठ्यानं सांगणं आपोआप कमी होतं. ती स्क्रीन दुकानवाल्याकडे वळवते, आकडा स्वतः टाइप करते, जमलं नाही तर पोराला जवळ बोलावून दाखवते. एवढ्याशा फरकासाठी कुठलाही जाहिरातपट लागत नाही.

वाचकांनी हा अंक बाजूला ठेवण्याआधी तीन कामं करावीत, आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही करून द्यावीत. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, तिथे सहा आकडी पिन घालावा आणि ईमेल द्यायला विसरू नये. गुगल खात्याला ते लावलं की आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड मिळतात, ते फोनमध्ये न ठेवता कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत घालावेत, म्हणजे फोन हरवला तरी खातं हरवत नाही. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करावा, उद्यावर ढकलू नये.

चौथं काम जरा खर्चाचं आहे. मावशींच्या आधारला कुणाचा नंबर जोडलाय ते विचारा. त्यांचा नसेल आणि त्यांच्याकडे स्वतःचं सिम असेल, तर आधार केंद्रात जाऊन तो बदलून घेता येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला पंच्याहत्तर रुपये लागतात.